डिजिटल कॅमेरे : आरशाचे व आरसारहित

भिंगे बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांचे दोन मुख्य वर्ग. पहिल्या वर्गातील कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशाच्या साहाय्याने वर वळवून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत नेलेला असतो. यास एकभिंगी प्रतिवर्ती कॅमेरा म्हणतात. डीएसएलआर या इंग्रजी आद्याक्षरांनी तो अधिक परिचित आहे. दुसऱ्या वर्गातील कॅमेऱ्यात आरसा नसतो. प्रकाश सरळ प्रतिमा-संवेदकावर पडतो आणि संवेदकाने टिपलेले चित्र एका लहान विद्युत् पडद्यावर पाहिले जाते. दोन्ही वर्गांत अंतिम छायाचित्र एकाच प्रकारच्या संवेदकावर नोंदले जाते. त्यामुळे त्यांमधील खरा भेद चित्र नोंदण्याच्या पद्धतीत नसून, नोंदण्यापूर्वी दृश्य पाहण्याच्या व मोजण्याच्या पद्धतीत आहे. हा मुद्दा लक्षात न घेतल्यास जुना कॅमेरा निरुपयोगी झाला, असा गैरसमज होण्याचा संभव असतो.

प्रस्तुत नोंदीत तुलनेसाठी निकॉन डी ३५०० (२०१८) व निकॉन झेड ५० (२०१९) हे दोन कॅमेरे घेतले आहेत. दोन्ही एकाच जपानी उत्पादकाचे असून त्यांच्या संवेदकांचा आकार (सु. २४ × १६ मिमी.) जवळजवळ सारखाच आहे. पहिला नवशिक्यांसाठीच्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या मालिकेतील अखेरचा होय व त्याचे उत्पादन आता होत नाही. तथापि तो आजही अनेकांच्या वापरात आहे. दुसरा त्याच आकाराच्या संवेदकाचा त्या उत्पादकाचा पहिला आरसारहित कॅमेरा असून त्याची मूळ किंमत पहिल्यापेक्षा बरीच अधिक होती. २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

इतिहास : छायाचित्र घेणाऱ्या भिंगातूनच आरशाच्या साहाय्याने दृश्य पाहण्याच्या योजनेचे एकस्व टॉमस सटन यांनी १८६१ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. ३५ मिमी. फिल्म वापरणारा किने एक्झाक्टा हा या प्रकारचा कॅमेरा १९३६ मध्ये जर्मनीतील ड्रेझ्डेन येथे तयार झाला. तेथेच १९४९ मध्ये काँटॅक्स एस या कॅमेऱ्यात पंचकोनी लोलक बसविण्यात आला आणि डोळ्यासमोर कॅमेरा धरून सुलट प्रतिमा पाहता येऊ लागली. १९५९ मध्ये निकॉन एफ हा कॅमेरा बाजारात आला व पुढे वृत्तछायाचित्रकारांत त्याचा विशेष प्रसार झाला.

फिल्मची जागा संवेदकाने घेतली तरी आरशाची रचना तशीच राहिली. १९९१ मधील कोडॅकचा डिजिटल कॅमेरा निकॉन एफ ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या सांगाड्यावरच उभारलेला होता. २००३ मध्ये कॅनन ईओएस ३००डी हा कॅमेरा एक हजार अमेरिकन डॉलरपेक्षा कमी किमतीत उपलब्ध झाला आणि हा प्रकार हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात आला. पॅनासॉनिक कंपनीने २००८ मध्ये जी १ हा विद्युत् दृश्यदर्शक असलेला आरसारहित कॅमेरा काढला. २०१३ मध्ये सोनी कंपनीने ३६ × २४ मिमी. संवेदकाचा आरसारहित कॅमेरा आणला. २०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्यांनी याच आकाराच्या संवेदकांचे आरसारहित कॅमेरे व त्यांसाठी नवी भिंगे तयार केली. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये बाजारात पाठविलेल्या आरसारहित कॅमेऱ्यांची संख्या आरशाच्या कॅमेऱ्यांपेक्षा अधिक झाली.

रचना व कार्य : आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगामागे ४५° कोनात एक आरसा बसविलेला असतो. भिंगातून आलेले किरण त्यावरून परावर्तित होऊन वरच्या दुधी पडद्यावर प्रतिमा निर्माण करतात. ही प्रतिमा पंचकोनी लोलकाने, अथवा स्वस्त कॅमेऱ्यांत लोलकाऐवजी बसविलेल्या आरशांच्या पंचकोनी रचनेने, सुलट होऊन दृश्यदर्शकात दिसते. मुख्य आरशाचा काही भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार गेलेला प्रकाश मागील लहान दुय्यम आरशाने कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या केंद्रीकरण-संवेदकाकडे वळविला जातो. कळ दाबताच दोन्ही आरसे वर उचलले जातात, झडप उघडते, प्रकाश प्रतिमा-संवेदकावर पडतो व आरसे पुन्हा खाली येतात. या क्षणिक अवधीत दृश्यदर्शकात अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचे छायाचित्र घेतले जाते, नेमका तो क्षण छायाचित्रकाराला दिसत नाही.

आरसारहित कॅमेऱ्यात प्रतिमा-संवेदक सतत कार्यरत असतो. त्यावरील चित्र वारंवार वाचले जाते, त्यावर संस्कार केले जातात आणि ते दृश्यदर्शकातील पडद्यावर दाखविले जाते. झेड ५० मधील या पडद्यावर सु. २३.६ लक्ष बिंदू असतात. प्रकाशाचे मापन व केंद्रीकरण ही कामेही हाच संवेदक करतो. अशा रीतीने पाहणे, मोजणे व नोंदणे या तीन कार्यांसाठी आरशाच्या कॅमेऱ्यात प्रकाशाचे वेगवेगळे मार्ग असतात, तर आरसारहित कॅमेऱ्यात एकच मार्ग असतो. दोहोंचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टीतून उद्भवतात.

केंद्रीकरण : आरशाच्या कॅमेऱ्यात केंद्रीकरण-संवेदक आणि प्रतिमा-संवेदक यांची भिंगापासूनची प्रकाशीय अंतरे तंतोतंत समान असावी लागतात. त्यांत किंचित फरक राहिल्यास कॅमेरा केंद्रीकरण झाल्याची खूण दाखवितो, परंतु छायाचित्रात डोळ्यांऐवजी कान किंवा नाकाचे टोक सुस्पष्ट येते. ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाचे छिद्र एफ/१.८ इतके उघडले असता १ मी. अंतरावरील सुस्पष्ट क्षेत्राची खोली जेमतेम ३ सेंमी. असते, तेथे ही चूक चटकन लक्षात येते. उच्च श्रेणीच्या कॅमेऱ्यांत अशी चूक वापरणाऱ्याला दुरुस्त करता येते. डी ३५०० मध्ये ही सोय नाही. मात्र मागील पडद्यावर दृश्य पाहून छायाचित्र घेतल्यास केंद्रीकरण प्रतिमा-संवेदकाद्वारेच होते व ही चूक टळते, जरी त्याला वेळ अधिक लागतो.

आरसारहित कॅमेऱ्यात ज्या पृष्ठावर चित्र नोंदले जाते त्याच पृष्ठावर केंद्रीकरण तपासले जात असल्याने या प्रकारची चूक संभवत नाही. डी ३५०० मध्ये केंद्रीकरणाचे ११ बिंदू दृश्याच्या मध्यभागाच्या आसपास असतात. झेड ५० मध्ये २०९ बिंदू चित्रक्षेत्राच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरलेले असतात आणि माणसाचा चेहरा व डोळा ओळखून त्याचा मागोवा घेता येतो. पहिल्या पिढीतील आरसारहित कॅमेरे मात्र केवळ प्रतिमेतील छायाभेदावरून केंद्रीकरण करीत असल्याने हलत्या वस्तूंच्या बाबतीत मागे पडत. म्हणून ‘आरसारहित म्हणजे जलद’ हे विधान सर्व काळातील कॅमेऱ्यांना लागू पडत नाही.

वेगाच्या बाबतीतही सावधगिरीने निष्कर्ष काढावा लागतो. डी ३५०० सेकंदाला ५, तर झेड ५० सेकंदाला ११ छायाचित्रे घेऊ शकतो. परंतु निकॉनच्याच डी ५०० (२०१६) या आरशाच्या कॅमेऱ्यात १५३ केंद्रीकरण बिंदू व सेकंदाला १० छायाचित्रे ही क्षमता होती. त्यासाठी विद्युत् घटमालेसह ८६० ग्रॅ. वजन आणि मोठी किंमत मोजावी लागे. म्हणजे वेगातील बराचसा फरक आरशामुळे नसून किमतीच्या श्रेणीमुळे आहे. आरसा वगळल्याने झाले ते असे, की पूर्वी महाग यंत्रणेस जमणारे काम आता तुलनेने स्वस्त व हलक्या कॅमेऱ्यास जमू लागले.

प्रतिमेचा दर्जा : डी ३५०० च्या छायाचित्रात ६,००० × ४,००० आणि झेड ५० च्या छायाचित्रात ५,५६८ × ३,७१२ चित्रबिंदू असतात. दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात छापल्यास पहिल्याची रुंदी सु. ५१ सेंमी. व दुसऱ्याची सु. ४७ सेंमी. भरते, या बाबतीत जुना कॅमेरा किंचित सरस ठरतो. स्थिर वस्तू, निसर्गदृश्य किंवा पुरेशा प्रकाशातील समूहचित्र सारख्याच दर्जाच्या भिंगांनी घेतल्यास कोणते छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याचे, हे छापील प्रतीवरून ओळखणे कठीण असते. चलच्चित्रणात मात्र स्पष्ट फरक आहे : डी ३५०० मध्ये १,९२० × १,०८०, तर झेड ५० मध्ये ३,८४० × २,१६० चित्रबिंदूंचे चित्रण करता येते.

भिंगे व आकारमान : आरशाच्या हालचालीसाठी भिंगाची बैठक व संवेदक यांत मोकळी जागा ठेवावी लागते. निकॉनच्या १९५९ पासूनच्या बैठकीत हे अंतर ४६.५ मिमी. आहे, आरसारहित कॅमेऱ्यांच्या बैठकीत ते १६ मिमी. आहे. त्यामुळे विशालकोनी भिंगांची रचना सुलभ होते. शिवाय उरलेल्या ३०.५ मिमी. जागेत जोडनळी बसवून आरशाच्या कॅमेऱ्यांची भिंगे नव्या कॅमेऱ्यावर वापरता येतात. याउलट, नवी भिंगे जुन्या कॅमेऱ्यावर बसत नाहीत. ज्या जुन्या भिंगांत स्वतःची चलित्र-यंत्रणा नसते, त्यांचे केंद्रीकरण या दोन्ही कॅमेऱ्यांवर हातानेच करावे लागते.

आरसा वगळल्याने कॅमेरा नेहमी हलका होतो असेही नाही. घटमाला व स्मृतिपत्रासह डी ३५०० चे वजन ४१५ ग्रॅ., तर झेड ५० चे ४५० ग्रॅ. आहे. दोहोंबरोबर मिळणारी नेहमीची भिंगे (अनुक्रमे सु. २०५ व १३५ ग्रॅ.) जमेस धरली म्हणजे नवा कॅमेरा सु. ३५ ग्रॅ.ने हलका ठरतो. त्याची जाडी मात्र जवळजवळ १ सेंमी.ने कमी आहे.

विद्युत् पुरवठा व इतर मर्यादा : प्रकाशीय दृश्यदर्शकातून पाहण्यास वीज लागत नाही. प्रमाणित चाचणीनुसार एकदा भारित केलेल्या घटमालेवर डी ३५०० सु. १,५५०, तर झेड ५० सु. ३०० छायाचित्रे घेतो. दिवसभर चालणारा लग्नसमारंभ किंवा विजेची सोय नसलेल्या डोंगराळ भागातील भटकंती यांसाठी हा फरक निर्णायक ठरतो. आरसारहित कॅमेऱ्याबरोबर दोन-तीन जादा घटमाला बाळगाव्या लागतात.

विद्युत् पडद्यावरील चित्र वास्तव दृश्यापेक्षा सेकंदाच्या अल्पांशाने मागे असते आणि अंधूक प्रकाशात ते रवाळ दिसते. पण छायाचित्र उजळ येईल की काळोखे, हे कळ दाबण्यापूर्वीच त्यावर दिसते. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्यास दिसणारे दृश्य प्रत्यक्ष व तत्काळ असते. प्रकाशाचा अंदाज मात्र छायाचित्रकाराला मापकावरून व अनुभवावरून बांधावा लागतो. या कारणामुळे शिकणाऱ्याला नव्या कॅमेऱ्यात चुकीचा परिणाम लगेच समजतो, तर जुन्या कॅमेऱ्यात तो छायाचित्र घेतल्यानंतर समजतो.

आरसारहित कॅमेऱ्यात यांत्रिक झडप न वापरता संपूर्ण नीरवतेत छायाचित्र घेता येते. शास्त्रीय संगीताच्या मैफिलीत किंवा रंगमंचावरील प्रयोगाच्या वेळी याचा उपयोग होतो. परंतु या पद्धतीत संवेदक ओळीओळीने वाचला जात असल्याने वेगाने हलणाऱ्या वस्तू तिरप्या येण्याचा व काही विद्युत् दिव्यांच्या प्रकाशात पट्टे उमटण्याचा संभव असतो. भिंग बदलताना आरसा व झडप यांचा आडोसा नसल्याने अनेक आरसारहित कॅमेऱ्यांत संवेदक उघडा पडतो. धुळीच्या जागी भिंग बदलण्याचे टाळावे. कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत भिंगांवर वाढणारी बुरशी ही अडचण मात्र दोन्ही प्रकारांस सारखीच आहे.

निवड : मुले, पक्षी, खेळ यांसारखे चंचल विषय, विशाल छिद्राच्या भिंगांनी घ्यावयाची व्यक्तिचित्रे आणि चलच्चित्रण यांसाठी आरसारहित कॅमेरा निश्चितपणे अधिक सोयीचा आहे. नवीन भिंगांची निर्मितीही मुख्यतः त्याच वर्गासाठी होत आहे. निसर्गदृश्ये, वास्तू, प्रवास आणि छायाचित्रणाचे प्राथमिक शिक्षण यांसाठी सुस्थितीतील जुना कॅमेरा पुरेसा असतो. ज्याच्या हाती असा कॅमेरा आहे त्याने केवळ प्रतिमेचा दर्जा वाढेल या अपेक्षेने तो टाकून देण्यापूर्वी तीच रक्कम चांगल्या भिंगावर खर्च करण्याचा विचार करावा. सामान्यतः छायाचित्रात त्याने अधिक फरक पडतो. आरसा हे छायाचित्र घेणाऱ्या भिंगातूनच दृश्य पाहण्याच्या अडचणीवर काढलेले यांत्रिक उत्तर होते. संवेदक स्वतःच दृश्य दाखवू लागल्यावर त्या उत्तराची अपरिहार्यता संपली. त्या आरशामागे नोंदल्या जाणाऱ्या छायाचित्राचा दर्जा मात्र त्यामुळे कमी झालेला नाही.