पिसं बदलण्याचे दिवस

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात काचेपलीकडे हम्बोल्ट पेंग्विन पाण्यात सूर मारत होते. एक मात्र खडकावर खिळलेला. अंग फुगलेलं, मानेवर जुन्या पिसांचे पुंजके लोंबलेले, त्यांच्याखाली नव्या पिसांची काळी चकाकी. ‘आजारी दिसतोय,’ कुणीतरी म्हणालं. तो आजारी नव्हता. त्याचं वर्षातलं सर्वांत अवघड काम चालू होतं.

आम्ही जवाहरनगरचे, म्हणजे तलावांच्या भंडारा जिल्ह्यातले. तिथल्या बदकांची उडायची पिसं एकदम गळतात, तेव्हा काही आठवडे त्यांना उडता येत नाही. पण पोहता येतं, खाता येतं. पेंग्विनला तीही सोय नाही. त्याची सगळ्या अंगाची पिसं एकाच वेळी बदलतात. नवं पीस खालून वाढतं आणि जुन्याला बाहेर ढकलतं. तेवढ्या काळात अंगावर पाणी न शिरू देणारं कवच उरत नाही. थंड समुद्रात उतरणं म्हणजे गारठून मरणं. म्हणून पक्षी किनाऱ्यावर उपाशी उभा राहतो.

पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या हम्बोल्टचा हा उपास दोन-तीन आठवड्यांचा. दक्षिण जॉर्जिया, क्रोझे या बेटांवरच्या किंग पेंग्विनचा जवळपास महिन्याचा. जेमतेम मीटरभर उंचीचा हा पक्षी आधी समुद्रात खाऊन खाऊन चरबी साठवतो, आणि पिसं बदलेपर्यंत जवळजवळ निम्मं वजन गमावतो. पिसं प्रथिनांची, त्यामुळे चरबीबरोबर छातीचे स्नायूही झिजतात. मग तो पुन्हा समुद्रात जाऊन अंग भरून येतो, आणि त्यानंतर जोडी जमते. अंडं एकच. घरटं नाही, पायांवर पेलून, पोटाच्या घडीखाली ते सुमारे 54 दिवस उबवायचं, आईबापांनी आळीपाळीनं.

उपासाच्या दिवसांत या पक्ष्याला पळायला समुद्र नसतो. माणूस जवळ गेला की तो धडपडतो आणि मोजून साठवलेली चरबी जळते. म्हणून तेव्हा किनारे शांत हवेत. पण तेवढं पुरणार नाही. पाणी तापलं की क्रोझेच्या पक्ष्यांचं भक्ष्य दक्षिणेकडे सरकतं आणि फेऱ्या लांबतात. किनाऱ्यावरचा उपास पक्षी तेव्हाच निभावतो, जेव्हा त्याआधी समुद्रात त्याचं पोट भरलेलं असतं. पेंग्विन वाचवायचे, तर आधी तो समुद्र वाचवायला हवा.