जुन्या व्हॅनचा ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही : दोष कसा शोधावा?

कापडाच्या व्यापाऱ्याने ब्रेकविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु मालाची ने-आण करण्यासाठी आपल्यापैकी अनेकांकडे आजही जुन्या डिझेल व्हॅन आहेत. बाजार फिरणाऱ्या काहींनी मागे फळी टाकून, स्टोव्ह ठेवून मुक्कामाची सोयही करून घेतली आहे. ब्रेक साफ निकामी झाला तर तो दोष कोणताही मिस्त्री शोधून काढतो. खरी पंचाईत होते ती दोष येतो-जातो तेव्हा. गॅरेजमध्ये गाडी ठीक चालते आणि घाटात दगा देते.

आमच्याकडे १९९४ सालची मॅटाडोर होती. २००६ साली तिचे पेडल अधूनमधून खाली जाऊ लागले. गॅरेजवाल्याने आधी लायनर बदलले, नंतर मास्टर सिलिंडर बदलला, दोनदा हवा काढली. प्रत्येक वेळी पैसे दिले आणि प्रत्येक वेळी गावात ब्रेक उत्तम लागला. आमचे ड्रायव्हर चाचा म्हणत, "सेठ, गाडी लांब चालली की डावीकडे खेचते." मी तिकडे लक्ष दिले नाही. मग एके दिवशी मालेगावहून भिवंडीला ग्रे कापडाचे तागे भरून जाताना कसारा घाटात पेडल थेट पाटाला टेकले. चाचांनी पेडल भराभर दाबत, खालचा गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या कडेला घेतली. क्लीनर शेजारी बसलेला होता. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे घट्ट! हाच अर्धा तास दोषाची किल्ली होती.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ताजे डॉट-३ ऑइल साधारण २०५ अंशांना उकळते. ओलावा घेतलेले १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. ऑइल उकळले की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून जोर चाकापर्यंत पोचत नाही आणि पेडल खाली जाते. थंड झाले की वाफेचे पुन्हा ऑइल होते आणि दोष नाहीसा होतो. आमच्या गॅरेजमध्ये ऑइल महिनोन्महिने उघड्या डब्यातून घातले जात होते.

पण घाट तर आम्ही नेहमीच उतरत होतो. मग एवढी उष्णता आताच कुठून आली? डाव्या पुढच्या चाकाची रबरी नळी आतून फुगली होती. पेडल दाबताना जोराने ऑइल आत जाई, पाय काढल्यावर परत येत नसे. चाक अडकून राही, तापत जाई. चाचांनी सांगितलेले डावीकडचे खेचणे ते हेच. बाहेरून नळी चांगली दिसत होती. दुसऱ्या मिस्त्रीने तापलेले, अडकलेले चाक जॅकवर उचलले आणि त्याचे निपल उघडले. चाक मोकळे झाले. निपल बंद करून पुन्हा अडकवले आणि या वेळी नळीच्या वरचा, लोखंडी पाइपाचा जोड सैल केला. चाक मोकळे झाले नाही. अडथळा नळीतच, हे ठरले. वरचा जोड सैल करताच चाक सुटले असते, तर दोष मास्टर सिलिंडरकडे पाहावा लागला असता.

प्रत्येक दोषाची चाल निराळी असते. सिग्नलला पाय हलका ठेवला असता पेडल हळूहळू बुडते, जोरात दाबले तर टिकते, आणि टाकीतील ऑइल कमी होत नाही, तेव्हा मास्टर सिलिंडरचे वॉशर आतून गळत असल्याचा संशय घ्यावा. पहिल्या दाबाला पेडल खाली, दुसऱ्याला वर, असे असेल तर ड्रमचे शू सेट करायचे राहिलेले असतात किंवा चाकाचे बेअरिंग ढिले असते. घाटात पेडल घट्ट राहूनही गाडी थांबत नसेल तर लायनर तापून गुळगुळीत पडले आहेत. तिथे ऑइलचा दोष नाही. पेडल कधीकधी दगडासारखे होत असेल तर बूस्टर पाहावा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही तर बूस्टर, त्याचा व्हॉल्व्ह, नळी आणि व्हॅक्यूम पंप तपासावा. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या मागे असतो.

टाकीत कोणी घाईने इंजिन ऑइल ओतले असेल तर सगळे रबर फुगते आणि दोष कुठून कुठे फिरतो तेच कळत नाही. तसे झाल्यास एक भाग बदलून भागत नाही. सर्व रबर बदलून पाइप धुवावे लागतात.

म्हणून गॅरेजला जाण्यापूर्वी ड्रायव्हरकडून वहीत लिहून घ्यावे : गाडी भरलेली की रिकामी, किती किलोमीटरनंतर, चढ की उतार, पाऊस होता का, पेडल मऊ झाले की घट्ट, गाडी कुठे खेचली. रिकाम्या, थंड गाडीची गल्लीतली चाचणी अशा वेळी काही सांगत नाही. मिस्त्रीला तापलेलीच गाडी दाखवावी. तोवर मात्र ती माल भरून घाटात नेऊ नये.

आमच्या गाड्यांत आता ऑइल सीलबंद डब्यातलेच पडते, दर दोन वर्षांनी पूर्ण बदलले जाते, आणि टाकीवर तारीख लिहिलेली असते. चहाला थांबल्यावर क्लीनर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहतो. हात चाकाला लावत नाही, कारण तापलेला ड्रम कातडी सोलतो. एक चाक इतर तिघांपेक्षा जास्त गरम लागले तर तो चहा सोडून चाचांना हाक मारतो.