दुकानाची पाटी आणि दुकानाचा व्यवहार

अमरावतीच्या राजापेठेत साड्यांचे दुकान थाटणारा व्यापारी दोन प्रकारचे खर्च करतो. पहिला डोळ्यांना दिसतो: पाटी, काचेची शोकेस, दिव्यांचा लखलखाट, पुतळ्यावर नेसवलेली पैठणी. दुसरा सहसा दिसत नाही. वाहन लावण्यास जागा, वयस्क आजींसाठी गादीजवळ एक खुर्ची, चाळीस साड्या उलगडूनही कपाळाला आठी न पाडणारा सेल्समन, चटकन होणारे बिल आणि रंग गेल्यास वाद न घालता साडी बदलून देण्याची रीत. संगणक व मोबाईलच्या जगात पहिल्याला यूजर इंटरफेस, म्हणजे यूआय, म्हणतात. दुसऱ्यासह या साऱ्या अनुभवाला यूजर एक्स्पीरियन्स, म्हणजे यूएक्स. पाटीही अनुभवाचाच भाग असते, म्हणून यूआय हे यूएक्सच्या पोटात येते. मात्र पाटी म्हणजे दुकान नव्हे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, पैशांचाही आहे. आज अनेक व्यापारी घरांत तिसरी पिढी ‘आपले ॲप काढू या’ असा आग्रह धरते. ॲप करून देणारा रंगीत पडद्यांचे नमुने आणतो, मुलगा त्यांतला एक निवडतो, वडील रक्कम विचारतात आणि सौदा ठरतो. ॲप वापरणार कोण, त्याला नेमके काय हवे आणि माल नापसंत पडला तर पुढे काय, हे प्रश्न त्या बैठकीत फारसे निघत नाहीत.

डोनाल्ड नॉर्मन हे मानसशास्त्राचे अभ्यासक १९९३ साली ॲपल कंपनीत रुजू झाले आणि ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हा शब्द आपल्या पदनामात घेऊन त्यांनी तो रूढ केला. ‘इंटरफेस’ हा शब्द त्यांना अपुरा वाटत होता. वस्तू विकत घेणे, घरी नेणे, खोके उघडणे, माहितीपत्रक वाचणे, बिघडल्यास दुरुस्त करून घेणे, हे सर्व त्यांना एकाच शब्दात बांधायचे होते. आपल्याकडील जुन्या पेढ्यांना यात नवल वाटणार नाही; गिऱ्हाईक पायरी चढल्यापासून पुढच्या दिवाळीला परत येईपर्यंतचा हिशेब त्या ठेवतच आल्या आहेत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बहुतेक दुकानांच्या संगणकावर रोज उघडले जाते. श्यामसुंदर गोएंका हे कापड गिरण्यांना व इतर कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे व्यापारी. आपल्या धंद्याचे हिशेब नीट सांभाळील असे सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी ते पुत्र भरत यांच्याकडून करवून घेतले. १९८६ साली सुरू झालेला हाच उद्योग पुढे टॅली म्हणून देशभर पोहोचला. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. टॅलीचा पडदा सुंदर आहे असे त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत. पण मुनीमजींचा हात कळफलकावरून उचलला जात नाही. एफ-५ दाबले की भरणा, एफ-६ ला जमा, एफ-८ ला विक्री, एफ-९ ला खरेदी. व्हाउचर भरता भरता नवे खाते उघडायचे झाले, तर हातचे व्हाउचर सोडावे लागत नाही. रोजमेळ आणि खतावणी ज्या क्रमाने हिशेबनिसाच्या मनात चालते, त्याच क्रमाने पडदा चालतो. रूप साधे, अनुभव भक्कम.

दुसरे उदाहरण तर पडद्याविनाच उभे आहे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि चौकोनी कोडची पाटी प्रत्येक गल्ल्यावर लागली. मात्र सणाच्या गर्दीत, हातात तागा असताना, पैसे खरोखर जमा झाले की नाही हे दुकानदाराने पाहावे कधी? गिऱ्हाईक आपला मोबाईल दाखवी आणि त्यावर विश्वास ठेवावा लागे. बनावट पडदे दाखवून फसवणारेही निघाले. २०१९ मध्ये पेटीएमने बोलका डबा आणला. तो रक्कम मोठ्याने सांगतो, मराठीतही सांगतो. पाहण्याजोगे त्यात जवळजवळ काहीच नाही, तरीही व्यापाऱ्याच्या मनातली धाकधूक त्याने घालवली.

उलट बाजूही जैन कुटुंबांच्या परिचयाची आहे. विमानाचे तिकीट काढताना ‘जैन भोजन’ हा पर्याय निवडता येतो. विमान कंपन्यांत त्यासाठी व्हीजेएमएल असा संकेतही ठरलेला आहे. पडद्यावरील ते बटण ठसठशीत आहे की बारीक, हा यूआयचा प्रश्न. प्रवासात समोर आलेल्या ताटात बटाटा निघाला, तर बटण कितीही देखणे असो, अनुभव फसला.

आता राजापेठेतील त्या नियोजित ॲपकडे पाहू. समजा, माल घेणारा वरुड किंवा दर्यापूरचा किरकोळ दुकानदार आहे. त्याला साडीचा फोटो, भाव, एका संचात नग किती, पार्सल कोणत्या दिवशी सुटेल आणि आपली उधारी किती उरली, एवढेच हवे असते. देखणे ॲप त्याला आधी नाव नोंदवायला लावते, ओटीपी मागते, मग सरकती चित्रे दाखवते. दोनदा प्रयत्न करून तो पूर्ववत व्हॉट्सॲपवर फोटो मागवतो आणि वर्षाचा खर्च पाण्यात जातो. त्याहून वाईट म्हणजे, शेठजींना आता आपल्याशी बोलायला वेळ नाही असा त्याचा समज होतो. वर्षानुवर्षांचा ऋणानुबंध असा हलकेच तुटू शकतो.

ज्या घरांतील मुलामुलींना चित्रकलेची आवड आहे आणि माणसे वाचण्याचीही सवय आहे, त्यांच्यासाठी हे शिक्षणाचे क्षेत्रही आहे. मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचे शिक्षण मिळते. पदवीच्या प्रवेशासाठी यूसीड ही परीक्षा तीच संस्था घेते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ती देता येते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. गल्ल्यावर बसून वाढलेल्या मुलाला गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायला वेगळे शिकवावे लागत नाही, ही त्याची शिदोरी.

ॲपवर पैसे ओतण्यापूर्वी एक स्वस्त परीक्षा मात्र कोणालाही घेता येते. वापरातले बहुतेक मोठे दोष पाच माणसांच्या चाचणीतच उघडे पडतात, असे जेकब नीलसन यांनी मांडले आहे. त्या पाचांत एखादे साठीचे जुने गिऱ्हाईक असावे, एखादा बाहेरगावचा दुकानदार आणि घरातील सूनबाईही असाव्यात. ॲपचा कच्चा नमुना हातात द्यावा, ‘एक साडी मागवून दाखवा’ म्हणावे आणि गप्प बसावे. शिकवू नये, सुचवू नये. बोट जिथे थबकते ती जागा वहीत टिपावी. रंग कोणता, हे त्यानंतर बोलावे.