ऑईल इंजिनाची दुरुस्ती : काय बदलावे, काय राखावे ?

गहू पेरून सुमारे २१ दिवस झाले की मुकुटमुळे फुटण्याची अवस्था येते. या वेळची पाण्याची पाळी चुकली तर फुटवे कमी येतात आणि ती हानी पुढे भरून निघणे कठीण असते. नेमक्या अशा वेळी विहिरीवरील ऑईल इंजिन हँडल मारूनही सुरू होईना, म्हणजे शेतकरी गडबडून जातो. इंजिन घाईने खोलले जाते आणि दोनपैकी एक चूक घडते : एक तर सर्वच सामान नवे आणले जाते, किंवा केवळ रिंगा बदलून वेळ निभावली जाते. पहिल्या चुकीत पैसा जातो. दुसरीत पैसाही जातो आणि पीकही.

खोलण्यापूर्वी पाहावे

काळा धूर येत असेल तर प्रथम हवेची गाळणी व नोझल तपासावे. अनेकदा दोष तेथेच सापडतो. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात मात्र कधीही धरू नये. तो कातडीत शिरतो. धूर निळसर असेल आणि वंगण तेल वरचेवर घालावे लागत असेल, तर तेल जळत आहे असे समजावे.

डिझेल बंद ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. दाब लागत नसल्यास नोझलच्या छिद्रातून चमचाभर वंगण तेल सोडून, नोझल परत बसवून, पुन्हा फिरवावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा लायनरचा. न वाढल्यास बहुधा व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा होय.

लायनर, पिस्टन व रिंगा

लायनर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या बाजूस, जेथे वरची रिंग परत फिरते तेथे. ही झीज साध्या फिलर गेजनेही काढता येते. एक रिंग लायनरच्या तळाशी, न झिजलेल्या भागात, सरळ बसवून तिच्या तोंडातील फट मोजावी. तीच रिंग वर झिजलेल्या भागात बसवून पुन्हा मोजावी. दोन्हींतील फरकास ३.१४ ने भागले म्हणजे व्यासातील झीज मिळते. समजा, फट खाली ०.३० व वर ०.९३ मि.मी. भरली, तर फरक ०.६३ आणि झीज सुमारे ०.२० मि.मी. झाली. हा आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा.

झीज मर्यादेत असेल तर रिंगांवर काम भागते. ती मर्यादेबाहेर असता नव्या रिंगा घालणे म्हणजे फुटक्या मोटेला नवा दोर बांधणे होय. लायनरच्या वरच्या कडेस उंचवटा राहिला असेल तर त्यावर आपटून नवी रिंग तुटण्याचाही संभव असतो.

क्रँक शाफ्ट व व्हॉल्व्ह

क्रँक शाफ्टचा गोलवा मायक्रोमीटरने दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावा. तो लंबगोल झाला असेल तर नवी बेअरिंगे टिकत नाहीत. शाफ्ट घासून घ्यावा आणि घासल्यानंतरच्या मापाचीच बेअरिंगे आणावी. शाफ्ट मोजण्यापूर्वी बेअरिंगे विकत घेऊ नयेत.

व्हॉल्व्ह बहुधा घासून पुन्हा वापरता येतात. घासल्यावर व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतावे. ते पाझरले नाही तर बैठक चांगली समजावी. कड पातळ झालेला, जळलेला किंवा दांडा वाकलेला व्हॉल्व्ह मात्र टाकूनच द्यावा.

काटकसर कोठे करू नये

हेड गॅस्केट, तेलाचे सील, स्प्लिट पिना व कुलूप वॉशर यांना किंमत थोडी लागते, परंतु ते बिघडल्यास सर्व मजुरी पुन्हा द्यावी लागते. म्हणून खोललेल्या इंजिनात हे भाग नवेच घालावेत. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांबाबत पुस्तिकेतील सूचना पाळावी. हा बोल्ट तुटला तर इंजिनच फुटते. याउलट महाग परंतु वरून सहज निघणारा भाग मापात असेल तर राखण्यास हरकत नाही.

शेवटी, झिजेचे कारण शोधल्यावाचून दुरुस्ती पुरी होत नाही. गाळणीतून शिरणारी धूळ हे त्याचे एक मोठे कारण आहे. ती धूळ तशीच शिरत राहिली तर नवा लायनरही जुन्याच्याच वाटेने जाईल. घेतलेली मापे तारखेसह वहीत टिपून ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी पावसाळ्यात, इंजिने मोकळी असताना, करवून घ्यावी. म्हणजे गव्हाच्या पहिल्या पाळीला इंजिन तयार असेल.