गोर्देयेवा, येकातेरीना
(२८ मे १९७१ – ). बर्फावरील जोडीच्या फिगर स्केटिंगमधील विख्यात रशियन क्रीडापटू. जन्म मॉस्को येथे. तिचे वडील व्यावसायिक नर्तक असून आई ‘तास’ या वृत्तसंस्थेत दूरमुद्रक-चालक होती. मुलीने बॅले नर्तकी व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. तथापि वयाच्या चौथ्या वर्षीच तिला सोव्हिएट लष्कराच्या मध्यवर्ती क्रीडासंघाच्या स्केटिंग शाळेत घालण्यात आले आणि पुढे तिचे सारे शिक्षण त्या शाळेच्या वेळापत्रकानुसारच झाले.

एकेरी प्रकारात तिच्या उड्या प्रशिक्षकांना पुरेशा भक्कम वाटल्या नाहीत. त्याच संघातील स्यिर्ग्येई ग्रिंकॉव्ह (४ फेब्रुवारी १९६७ – २० नोव्हेंबर १९९५) या मुलाविषयीही त्यांचे हेच मत झाले होते. ग्रिंकॉव्हचे आईवडील मॉस्कोच्या पोलीस दलात होते. १९८१ मध्ये प्रशिक्षक व्लद्यीम्यिर झखारॉव्ह याने या दोघांची जोडी जमविली, तेव्हा ती दहा वर्षांची व तो चौदा वर्षांचा होता. अशा प्रकारे एकेरीत कमी पडलेल्या दोन मुलांतून या क्रीडाप्रकारातील कदाचित सर्वांत निर्दोष जोडी घडली.

जोडीच्या स्केटिंगचा समावेश ऑलिंपिकमध्ये प्रथम १९०८ साली लंडन येथे झाला. यात स्त्री व पुरुष एकाच संगीतावर एकमेकांशी जुळवून घेत बर्फावर आकृती, गिरक्या व उड्या सादर करतात. पुरुषाने जोडीदारणीला डोक्यावर तोलून धरून वेगाने पुढे जाणे. तिला हाताने दूर फेकणे व तिने हवेत फिरून एका पायावर उतरणे. तिला उंच भिरकावून, तिच्या आडव्या देहाचे फेरे पूर्ण होताच कमरेत झेलणे. तसेच पुरुषाने एका जागी पाय रोवून तिला एका हाताने धरणे व तिने बर्फाला जवळजवळ समांतर होऊन त्याच्याभोवती वर्तुळाकार घसरत जाणे, या त्यातील प्रमुख क्रिया होत. बर्फाचा पृष्ठभाग कठीण असतो, पात्यांना धार असते आणि झेलणाऱ्याची चूक बहुधा फेकल्या गेलेल्या व्यक्तीला भोगावी लागते. [⟶ स्केटिंग].

या प्रकारावर सोव्हिएट संघाचे दीर्घकाळ वर्चस्व होते. १९६४ ते २००६ पर्यंतच्या प्रत्येक हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडीचे सुवर्णपदक सोव्हिएट, संयुक्त संघाच्या वा रशियन जोडीकडे गेले. २००२ मध्ये ते कॅनडाच्या जोडीबरोबर विभागून देण्यात आले. या परंपरेत १९७० नंतर एक नवी पद्धत रुजली. मुलगी अगदी लहान चणीची व मुलगा पूर्ण वाढलेला असेल, तर तिला उचलणे व फेकणे सोपे जाते आणि हलके, सडपातळ शरीर हवेत अधिक वेगाने फिरते, हे प्रशिक्षकांनी हेरले. मरीना चेर्कासोव्हा व स्यिर्ग्येई शाखराय या जोडीने १९७७ मध्ये भिरकावणीतील चार फेऱ्यांची क्रिया प्रथम साध्य केली आणि १९७९ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविले. पुढे चेर्कासोव्हाची उंची वाढली, पूर्वीचा तोल राहिला नाही आणि थोड्याच काळात ही जोडी स्पर्धांतून बाहेर पडली. मुलीच्या वाढीच्या वयावर उभारलेल्या या पद्धतीतील दोष त्यातून उघड झाला. परंतु पद्धत बदलली नाही. गोर्देयेवा-ग्रिंकॉव्ह ही जोडीही याच साच्यातून आली. दोघांच्या उंचीत सुरुवातीच्या काळात सुमारे एक फुटाचे अंतर होते.

या अंतराचा तोटाही असतो. शेजारी-शेजारी करावयाच्या उड्यांत व गिरक्यांत दोन असमान देहांची लय जुळणे कठीण असते, कारण उंच पुरुषाच्या एका ढांगेत लहान मुलीच्या दीड ढांगा होतात. अशा बहुतेक जोड्यांमध्ये पुरुष हा केवळ उचलणारा राहतो. या जोडीचे वैशिष्ट्य असे, की गुडघ्याचा वाक, पात्याचा कल व शरीराचा झोक यांतील एकरूपतेमुळे त्यांच्या ढांगा समान भासत. ग्रिंकॉव्हच्या पात्यांचा बर्फावर आवाज होत नसे, असे सांगितले जाते. यात अतिशयोक्ती असली, तरी त्याच्या मऊ व प्रवाही गतीची कल्पना त्यावरून येते. नृत्यरचनाकार मरीना झुएव्हा हिचा या यशात मोठा वाटा आहे. संगीतातील प्रत्येक वळणाला हालचालीत उत्तर शोधण्याची तिची दृष्टी या दोघांच्या स्वभावाला मानवली.

१९८५ च्या कुमार गटाच्या जागतिक स्पर्धेत (कोलोरॅडो स्प्रिंग्ज, डिसेंबर १९८४) ही जोडी विजयी झाली. त्यानंतर कठोर शिस्तीबद्दल ख्यातनाम असलेल्या स्टानिस्लाव्ह झूक याने काही काळ त्यांना शिकविले व १९८६ च्या मार्चमध्ये जिनीव्हा येथे त्यांनी पहिल्याच प्रयत्नात जागतिक अजिंक्यपद पटकाविले. गोर्देयेवा त्या वेळी पंधरा वर्षांचीही नव्हती. पुढे स्वतः जोडीचा स्केटर राहिलेल्या स्टानिस्लाव्ह लेओनोव्हिच याच्याकडे त्यांची सूत्रे आली. १९८७ च्या यूरोपीय स्पर्धेत (सारायेव्हो) ग्रिंकॉव्हच्या विजारीची बुटाखालून जाणारी पट्टी तुटल्याने मुख्य पंचाने थांबण्याची खूण केली. दोघांनी ती मानली नाही. संगीत बंद झाल्यावरही त्यांनी कार्यक्रम पुरा केला व तो पुन्हा सादर करण्यास नकार दिला. परिणामी त्यांना गुण मिळाले नाहीत. काही आठवड्यांतच सिनसिनॅटी येथे त्यांनी चार फेऱ्यांच्या भिरकावणीसह जागतिक अजिंक्यपद राखले.

कॅल्गारी येथील १९८८ च्या ऑलिंपिकपूर्वी काही महिने अगोदर सरावात ग्रिंकॉव्हचे पाते बर्फात अडकले आणि डोक्यावर तोललेली गोर्देयेवा कपाळावर आपटली. मेंदूला धक्का बसल्याने तिला रुग्णालयात ठेवावे लागले. उचलण्याच्या क्रियेत त्यानंतर ग्रिंकॉव्ह तिला अधिक घट्ट धरू लागला, असे तिने नंतर लिहिले आहे. पदकतालिकेत या प्रसंगाची खूण नाही : कॅल्गारी येथे, सोळाव्या वर्षी, ती ऑलिंपिक विजेती झाली. त्याच वर्षी बूडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत मात्र येलेना वालोव्हा व ओलेग वसील्येव्ह या सोव्हिएट जोडीने त्यांना मागे टाकले.

पुढील दोन वर्षांत गोर्देयेवाची शारीरिक वाढ झाली. पायाच्या हाडाला ताणाने पडलेल्या चिरेमुळे १९८९ ची यूरोपीय स्पर्धा तिला गाठता आली नाही. तरीही त्या वर्षी पॅरिस येथे व १९९० मध्ये हॅलिफॅक्स येथे त्यांनी जागतिक अजिंक्यपद मिळविले. हॅलिफॅक्सच्या सादरीकरणात चुका झाल्या होत्या आणि विजय निसटता होता. चेर्कासोव्हाच्या बाबतीत जे घडले, ते येथे घडले नाही. कसरतीची धार थोडी कमी झाली, पण एकरूपता उंचीवर अवलंबून नसल्याने ती टिकली. इतकेच नव्हे, तर चायकॉव्हस्कीच्या रोमिओ अँड ज्युलिएट वरील त्यांच्या कार्यक्रमात आता एक मुलगी व तिचा रक्षक यांऐवजी दोन प्रौढ कलावंत दिसू लागले.

१९९१ च्या एप्रिलमध्ये दोघे विवाहबद्ध झाले. त्या सुमारास ते व्यावसायिक स्केटिंगकडे वळले होते. जागतिक व्यावसायिक अजिंक्यपद त्यांनी तीन वेळा मिळविले. १९९२ मध्ये त्यांना कन्यारत्न झाले. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने व्यावसायिकांना पुन्हा स्पर्धेत उतरण्याची मुभा दिल्यावर १९९४ च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये ते परतले. बेथोव्हनच्या ‘मूनलाइट सोनाटा’वरील त्यांचा कार्यक्रम सर्वस्वी बिनचूक नव्हता, ग्रिंकॉव्हची एक उडी अपुरी राहिली. परंतु १९९२ चे विजेते नतालिया मिश्कुत्योनोक व अर्तूर द्मीत्रियेव्ह यांना मागे सारून त्यांनी दुसरे सुवर्णपदक मिळविले. जोडीच्या स्केटिंगमधील परिपक्वतेचा नमुना म्हणून या कार्यक्रमाचा आजही उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे.

२० नोव्हेंबर १९९५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे सराव चालू असताना ग्रिंकॉव्ह बर्फावर कोसळला व हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू पावला. तो केवळ २८ वर्षांचा होता. त्याच्या हृद्‌रोहिण्या मोठ्या प्रमाणात बंद झालेल्या आढळल्या. त्याचे वडीलही अकाली हृदयविकारानेच वारले होते. धडधाकट क्रीडापटूच्या या मृत्यूने वैद्यकांचेही लक्ष वेधले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना त्याच्या रक्तात बिंबाणूंच्या चिकटपणाशी संबंधित अशा एका जनुकाचा विशिष्ट प्रकार आढळला. मात्र या प्रकाराचे हृदयविकारातील नेमके महत्त्व किती, याविषयी नंतरच्या अभ्यासांत एकमत नाही.

१९९६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झालेल्या स्मृतिकार्यक्रमात गोर्देयेवा प्रथमच एकटी बर्फावर उतरली. संगीत मालरचे व रचना झुएव्हाची होती. जी उडी तिला लहानपणी नीट साधत नाही म्हणून जोडीकडे वळविण्यात आले होते, त्या एकेरी स्केटिंगचा अभ्यास तिने पंचविशीत नव्याने केला व त्यानंतर अनेक वर्षे व्यावसायिक कार्यक्रमांत ती एकेरी स्केटर म्हणून वावरली. माय सर्गेई (१९९६) हे तिचे आत्मकथन, त्यातील वैयक्तिक दुःखाइतकेच सोव्हिएट क्रीडाशाळेतील बालपणाच्या तपशिलांसाठी वाचनीय आहे.

१९८६ साली चौदा वर्षांच्या मुलीला जागतिक स्पर्धेत उतरण्यास नियमांची आडकाठी नव्हती. आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे वरिष्ठ गटासाठी पंधरा वर्षांची किमान मर्यादा घातली आणि २०२२ मधील निर्णयानुसार ती टप्प्याटप्प्याने वाढवून २०२४-२५ च्या हंगामापासून सतरा वर्षे केली. या नियमाप्रमाणे गोर्देयेवाला जिनीव्हा, सिनसिनॅटी व कॅल्गारी येथील तिन्ही स्पर्धांना मुकावे लागले असते.