जुन्या बंदुकीच्या नळीचा पीळ

पिंपरी पेंढार, ओतूर, जुन्नर ह्या बाजूस जुनीं दप्तरें पाहत असतां कागदांच्या रुमालांशेजारीं एखादी गंजलेली बंदूकही आम्हांस दाखविण्यांत येते, व ती कोणत्या काळची असा प्रश्न होतो. त्याचें उत्तर पुष्कळदां नळीच्या पोटांत असतें.

तोड्याच्या बंदुकीची नळी बहुधा आंतून साफ असे व गोळी वाटोळी. रायफलीच्या नळींत मळसूत्रासारखे चर असतात. त्यांमुळें लांबट गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते आणि फिरत्या भोंवऱ्याप्रमाणें कलंडत नाहीं. जितक्या इंचांत चर एक फेरा पुरा करतो, तितका नळीचा पीळ.

जड गोळीस कडक पीळ लागतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा. १८५३ च्या एनफील्डची गोळी ५३० ग्रेनांची, नळीचा व्यास ०.५७७ इंच, पीळ ७८ इंचांत एक फेरा. व्हिटवर्थ यांच्या १८५७ सालीं कसोटीस लागलेल्या रायफलीची गोळीही ५३० ग्रेनांचीच; परंतु व्यास ०.४५१ व पीळ २० इंच. वजन तेंच असतां नळी अरुंद झाली कीं गोळी लांब होते, आणि लांब गोळी लवकर डळमळते. तेव्हां पीळ ठरतो तो लांबीवरून. व्यास एकच असेल तेथें वजन हें लांबीचें केवळ गमक होय.

१८७९ सालीं ग्रीनहिल ह्या इंग्रज गणितज्ञांनीं नियम बसविला. गोळीची लांबी व्यासाच्या जितकी पट, त्या संख्येनें १५० स भागावें. येईल तितक्या व्यासांचा पीळ पुरे. १९१० सालीं ०.३०३ ची गोळी २१५ ग्रेनांवरून १७४ वर आली. तथापि टोंकांत हलकें ॲल्युमिनियम असल्यानें लांबी घटली नाहीं, व १० इंचांचा पीळ तसाच चालला.

पीळ मोजण्यापूर्वीं बार भरलेला नाहीं ह्याची जाणत्याकडून खात्री करावी. मग मुठींत मोकळ्या फिरणाऱ्या गजास घट्ट चिंधी गुंडाळून, खूण करून तो आंत सारावा. लांब एनफील्डच्या ३९ इंची नळींत अर्धाच फेरा भरेल.

चर मुळींच न दिसल्यास ते झिजले असें लगेच लिहूं नये. १८५७ च्या उठावानंतर एतद्देशीय शिपायांस एनफील्डसारख्याच दिसणाऱ्या, परंतु मुद्दाम साफ नळीच्या बंदुका देण्यांत आल्या. अशी नळी घासून उजळणें म्हणजे दस्तऐवजावरील शिक्का पुसणेंच होय.