एक कान मोकळा ठेवून

इंग्लंडमधील डर्बीशायरच्या टेकड्यांत ईम नावाचे छोटे गाव आहे. ऑडिओ गाइडचा खरा उपयोग अशा गावात कळतो, कारण डोळ्यांना येथे फारसे काही दिसत नाही. कुरणे, दगडी कुंपणे, जुने चर्च, मेंढ्या. बाकीचे ऐकावे लागते.

सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर येथे प्लेग शिरला, असे सांगतात. पुढच्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतले. शेजारचे लोक हद्दीवर धान्य ठेवून जात. मोबदल्याची नाणी दगडातल्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवलेली असत. तो दगड आजही पायवाटेवर आहे. खळगे बोटाने चाचपता येतात.

व्हिनेगरने पिसू थोडीच थांबणार? प्लेग पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले, तेही कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. माणसे थांबली, म्हणून आजूबाजूची गावे वाचली असे मानतात. ईममध्ये मात्र चौदा महिन्यांत सुमारे २६० जण दगावले.

गावाबाहेर शेतात रायली या नावाने ओळखली जाणारी थडगी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले येथे पुरली. एकटीने. येथे पोहोचल्यावर गाइड बंद करावा आणि थोडा वेळ नुसते पाखरांचे आवाज ऐकावेत.

वाट चढउताराची आहे. गुडघे दुखत असतील तर काठी घ्यावी. अरुंद रस्त्यावर दोन्ही कानांत इयरफोन घालू नयेत. मागून येणारी मोटार ऐकू आली पाहिजे.